परकोट्यातल्या मामेसासूबाई

जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या गुलाबी शहरात, असं एकही जुनं घर नसेल जिथल्या गेलेल्या माणसासाठी आमच्या मामेसासूबाईंनी डोळे पुसलेले नाहीत. त्या माणसांपैकी जवळपास एकालाही त्या जिवंतपणी भेटलेल्या नव्हत्या, पण त्याने त्यांचं काही अडत नसे. मामेसासूबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मामाची बायको. माहेर-सासर दोन्ही भुसावळचं. मामा रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि निवृत्तीचं सुख फारसं न भोगता इथेच गेले. मूलबाळ नव्हतं. भुसावळच्या मंडळींनी "आता परत चला" म्हणून पुष्कळ आग्रह केला, पण मामी तिलक नगरातल्या आपल्या दोन भाड्याच्या खोल्यांतून हलल्या नाहीत. माझ्या नवऱ्याची बदली जयपूरच्या लष्करी ठाण्यावर झाली तेव्हा सासूबाईंनी फोनवर बजावलं, "तिथे तुमची मामी आहे, तिच्याकडे लक्ष द्या. एकटी आहे बिचारी." आम्ही लक्ष द्यायला म्हणून पहिल्यांदा गेलो, तर बिचारी घाईत होत्या.

पांढरी साडी, पायांत चपला, हातात घडी केलेलं हिंदी वर्तमानपत्र, अशा अवतारात त्या जिन्यातच भेटल्या. "बरं झालं आलात. गाडी आणलीय ना? मला पुरानी बस्तीत सोडा." पांढरी साडी पाहून माझा नवरा हलक्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं, मामी?" "ते मला काय माहीत?" मामी म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मग वाटेत सगळा उलगडा झाला. राजस्थानात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी 'तीये की बैठक' असते. ठरलेल्या वेळी ओळखीपाळखीचे येतात, जाजमावर गप्प बसतात, फोटोला फुलं वाहतात आणि घरच्यांपुढे हात जोडून निघून जातात. बैठकीचा पत्ता आणि वेळ वर्तमानपत्रात छापून येते. त्या तासाभरात घराचं दार सताड उघडं असतं आणि आलेल्याला तू कोण, कुठला, असं कोणी विचारत नाही. "एरवी बेल वाजवून म्हटलं की मला तुमची हवेली बघायचीय, तर लोक जाळीतूनच वाटेला लावतात," मामी म्हणाल्या. "तीयेला कसं, मतलब, आपण आत. मान जरा वर केली की छत दिसतं. लोकांना वाटतं बाई देवाचं नाव घेतेय."

तर मामी रोज सकाळी चहाबरोबर शोकसंदेश वाचत. माणसाचं नाव, वय, आजार यांत त्यांना रस नसे. त्या थेट पत्त्यावर जात. पत्ता मालवीय नगर किंवा मानसरोवरचा असला तर "नवी घरं, सिमेंटची," म्हणून पुढे. पत्ता परकोट्यातला असला की चष्मा पुसून पुन्हा वाचणं, गल्ली आठवणं, आणि मग साडीला इस्त्री. पण पत्ता परकोट्यातला आणि बैठक मात्र कुठल्यातरी सामुदायिक भवनात, असं दिसलं की त्यांचा संताप अनावर होई. "जन्मभर माणूस त्या घरात राहिला आणि त्याला निरोप द्यायला भाड्याचा हॉल! काय म्हणावं या लोकांना?" हा संताप त्या दूधवाल्या भैयापासून माझ्या नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीपर्यंत सर्वांना सारखाच ऐकवत. कमांडिंग ऑफिसरच्या पत्नी त्यावर फार सावधपणे "जी, बिल्कुल" म्हणाल्या आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या मामींच्या घरी कोणी वारलंय का?"

हे वेड कुठून आलं, तेही मामींनीच एकदा सांगितलं. मामा गेले तेव्हा त्या अजून रेल्वे क्वार्टरमध्येच होत्या, तिलक नगरच्या खोल्या नंतरच्या. आपल्याकडे दहावं, तेरावं. ही तिसऱ्या दिवसाची बैठक त्यांना ठाऊकच नव्हती. शेजारच्या बायकांनी जाजम अंथरलं आणि सांगितलं, बसा, लोक येतील. आणि लोक आले. ज्याच्याकडून मामा पायजम्याचं कापड घेत तो परकोट्यातला कापडवालाही आला, काही न बोलता बसला आणि हात जोडून गेला. "भुसावळहून गाडीच्या वेळेत कोणी पोचलं नाही गं. पण माझी ओसरी भरली होती," मामी म्हणाल्या. पुढे काही महिन्यांनी त्या कापडवाल्याची आई वारली, आणि उलटभेट म्हणून मामी त्याच्या घरी बैठकीला गेल्या. बाहेरून पाहिलं तर दुकानं, तारा आणि एक बुटकं दार. आत पाऊल टाकलं आणि समोर उन्हाने भरलेला चौक, चारी बाजूंना पाकळ्यापाकळ्यांच्या कमानी, वर जाळीदार खिडक्या. मामींनी सगळा संसार रेल्वेच्या क्वार्टरांत केलेला. या गावच्या क्वार्टरातली खिडकी आणि त्या गावच्या क्वार्टरातली खिडकी, एकाच मापाची. घर असंही असतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या चौकात त्या इतक्या रडल्या की कापडवाल्याच्या बायकोने त्यांना पाणी आणून दिलं.

तेव्हापासून मामींनी या घरांचा जो अभ्यास चालवला त्याला तोड नाही. राजाने रस्ते सरळ आखून दिले, पण घरं भरली ती नंतरच्या शतकात, सावकारांनी, जवाहिऱ्यांनी, वैद्यांनी, दरबारच्या कारकुनांनी. आणि प्रत्येक घर आपल्या मालकाची चहाडी करतं, असं त्या म्हणत. बाहेरचा चौक पुरुषांचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा, आतला बायकांचा. बाहेरचा मोठा आणि आतला अंधारा असला की मामी त्या गेलेल्या सावकाराला तिथल्या तिथे चार शब्द सुनावत. छपराच्या लांबलचक दगडी पट्ट्या पाहून घर कोणाच्या भरभराटीत बांधलं ते सांगत. पायऱ्यांची झीज बघून म्हणत, "ही बाजू बघ, इथून सुना घागरी घेऊन चढल्या. पुरुष त्या बाजूने, मोकळ्या हातांनी." आणि विटांनी बुजवलेली कमान दिसली की त्या थांबत, कपाळाला आठी घालत आणि जाहीर करत, "भाऊ वेगळे झाले." हे सगळं त्या बैठकीत, माझ्या कानाशी, कुजबुजत सांगत. पण मामींची कुजबुज म्हणजे चौकाच्या पलीकडे बसलेल्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशी.

त्यांचा सर्वांत जीव जडला होता तो आराइशीवर. आराइश म्हणजे इथला जुना गिलावा. चुना महिनोन्महिने भिजवायचा, त्यात दही घालायचं, भिंतीवर चढवून अकीकाच्या दगडाने घोटायचा आणि शेवटी खोबऱ्याने पुसायचा, की भिंतीत तोंड दिसतं. पुढच्या पिढ्यांनी त्याच भिंतींवर हिरवे-निळे ऑइलपेंट फासले. हे पेंट मामींना बघवत नसे. त्या भिंतीला टेकून बसत, केसातला आकडा काढत आणि पाठीमागे हात नेऊन हळूहळू खरवडत. चेहरा दुःखात बुडालेला, हात कामात. आमच्या छावणीतल्या बंगल्याचीही त्यांनी परीक्षा घेतली. सोफ्यामागची भिंत खरवडून त्या फार निराश झाल्या. "पिवळ्याखाली पिवळा, त्याच्याखाली पुन्हा पिवळाच आहे गं," त्या म्हणाल्या, जणू आम्हीच फसवलं. स्वतःच्या घरी आराइशीचा प्रयोग म्हणून त्यांनी ओट्याखाली चिनी मातीच्या बरणीत चुना भिजत ठेवला होता, दही-बिही घालून. माझ्या नवऱ्याने झाकण उघडलं, पांढरंशुभ्र मऊ दाट काही पाहिलं आणि मामींनी भाच्यासाठी श्रीखंड केलंय म्हणून चमचा घेऊन बसला. मामी वेळेवर किंचाळल्या म्हणून बरं. तेव्हापासून तो त्यांच्याकडे डोळ्यांसमोर शिजलेल्या पदार्थाशिवाय काही खात नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की बाई ढोंगी होत्या. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मी चारदोनदा त्यांच्याबरोबर गेले आणि मत बदललं. मामी घर बघायला जात हे खरं. पण आत गेल्यावर गेलेल्याच्या फोटोकडे बघत, शेजारणीकडून हळूच त्याची हकीकत काढून घेत आणि मग त्यांना खरंच वाईट वाटे. "याच खोलीत जन्मले आणि याच खोलीत गेले," असं कोणी म्हटलं की मामींचा बांध फुटे. घरचे थकून कोरडे झालेले असत. मामींना रडताना पाहून त्यांनाही रडू येई. माणसं त्यांचे हात धरत. एकही खोटा अश्रू मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिला नाही.

आणि त्यातूनच तो पुरानी बस्तीतला घोटाळा झाला. तिथल्या एका हवेलीत एक म्हाताऱ्या बाई वारल्या. घरात सगळे त्यांना माँजी म्हणत. दोन मुलगे: थोरले भाईसाहब कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, धाकट्याचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पंख्याचे सुटे भाग करण्याचा कारखाना. बैठकीत मामी तिबारीत, म्हणजे तीन कमानींच्या ओसरीत, भिंतीला टेकून बसल्या, सवयीने रडल्या, सवयीने खरवडलं, आणि हिरव्या पेंटखाली आराइश लागली. आनंद आणि दुःख एकाच वेळी झाल्याने त्यांना हुंदकाच आवरेना. निघताना थोरल्यांच्या पत्नीने, भाभीजींनी, त्यांचा हात धरला. "आप माँजी की सहेली थीं ना? बारहवें पर ज़रूर आना." मामींनी मान हलवली. "मी नाही म्हणून हलवली होती," त्या मला नंतर शपथेवर सांगत होत्या, "पण रडताना मान कशीही हलते." नकार द्यायला परत जाता आलं असतं. पण त्या घराचा आतला चौक अजून बघायचा राहिला होता.

बाराव्याला मामींनी मला सोबत नेलं. जेवणं झाली, घरचा नवा कर्ता म्हणून थोरल्या मुलाच्या डोक्याला पगडी बांधून झाली, पाहुणे पांगले. घरची जवळची माणसं चौकात बसली, आणि मैत्रीण म्हणून आम्हालाही उठू दिलं नाही. तिथे विषय निघाला तो हवेलीचा. धाकट्याचं म्हणणं, पाडून टाकू. खाली दुकानं, वर दोघांचे वेगवेगळे फ्लॅट. बिल्डर तयार होता. थोरल्यांचं मन होत नव्हतं, पण धाकट्याशी वाद घालायची ताकदही नव्हती. ते एकदम मामींकडे वळले. "माँजी आपसे तो मन की बात करती होंगी. मकान के बारे में कभी कुछ कहा था?"

सगळे मामींकडे पाहू लागले. पगडीच्या दिवशी गेलेल्या आईची इच्छा म्हणून जे सांगितलं जाईल ते कोणी मोडणार नाही, हे इतकी वर्षं इथे काढलेल्या मामींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एक वाक्य पुरे होतं. आतला चौक त्यांनी नुकताच पाहिला होता. तो बाहेरच्याहून मोठा निघाला होता, आणि ते पाहून त्यांनी माझा दंड इतका घट्ट दाबला होता की वळ उठले होते. मी तर मनातल्या मनात ते वाक्य तयारही केलं होतं. मामींनी पदर खांद्यावरून घेतला, माँजींच्या फोटोकडे पाहिलं आणि भुसावळी हिंदीत म्हणाल्या, "भाईसाहब, मैं माँजी को एक बार भी मिली नहीं. मैं तो मकान देखने आई थी."

"मतलब? आप हैं कौन?" धाकट्याने विचारलं.

"रेलवे में गार्ड थे, उनकी घरवाली."

आता आपल्याला बाहेर काढणार, हे धरून मी पर्स उचलली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक अगदी म्हाताऱ्या बाई, माँजींच्या नणंद, भाईसाहबांच्या बुआजी, ओढणीत तोंड घालून हसायला लागल्या. "अरे, इतना तो मैं भी नहीं रोई, जितना ये रोई!" मग भाभीजीही हसल्या आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले. थोरले मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "देखने आई थीं, तो देखा क्या?"

हा प्रश्न मामींना आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्या उठल्या. विटांनी बुजवलेल्या एका कमानीपाशी त्यांना घेऊन गेल्या. अलीकडच्या पायऱ्या किती झिजल्यात आणि वळसा घालून पलीकडच्या अजून कशा कोऱ्या धारेच्या आहेत ते दाखवलं. म्हणजे पलीकडचा जिना नंतरचा, भिंत घातल्यानंतर करावा लागलेला. "यहाँ भाई अलग हुए," त्या म्हणाल्या. बुआजींचं हसू मावळलं. "मेरे बाबूजी और काकाजी," त्या म्हणाल्या. "दीवार उठी उस दिन माँ ने रोटी नहीं खाई थी. मैं इस तरफ़ रह गई, मेरी सहेली-सी बहन उस तरफ़." काकाजींचा तो भाग पुढे याच घराकडे आला होता, पण भिंत तशीच राहिली होती. मग मामींनी आपण खरवडलेली जागा दाखवली, वर क्षमाही मागितली. भाभीजींच्या मुलीने तिथे ओल्या रुमालाने पुसलं तर हिरव्या रंगाच्या मधोमध हाताएवढा तुकडा लख्ख चमकला आणि त्यात तिचं नाक दिसलं. त्या घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपली भिंत अशी आहे.

धाकटा काही बोलणार, तोच भाभीजी पदर खोचून उभ्या राहिल्या. "बरसी से पहले तो इस घर में कुछ नया होना नहीं है. न तोड़ना, न नींव. बाकी बाद में देखेंगे." वर्षश्राद्धाआधी नवं काम नाही, या रिवाजापुढे बिल्डरचंही काही चालण्यासारखं नव्हतं. घराला एक वर्ष मिळालं.

परतताना मी मामींना म्हटलं, "एक वाक्य बोलला असतात तर कायमचं वाचलं असतं." मामी रागावल्याच. "अगं, गेलेल्या बाईच्या तोंडात मी शब्द घालू? आणि खोटं बोलून वाचवलेल्या घरात मला पुन्हा पाय ठेवता आला असता का?" मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता तसाही कोण ठेवू देणार म्हणा." मला त्यांची फार दया आली, आणि अभिमानही वाटला.

पण आठवडाही झाला नसेल, भाभीजींचा फोन आला. भिंतीचा उरलेला रंग कसा काढायचा, असं त्यांनी विचारलं होतं. मामी आकडा, ओला कपडा, खोबऱ्याच्या वाट्या आणि भिजलेल्या चुन्याची ती बरणी घेऊन रिक्षाने गेल्या, आणि मग जातच राहिल्या. आधी भाभीजी मदतीला बसल्या, मग मुलगी, मग शेजारणी. एका रविवारी धाकटा कारखान्यातलं ग्राइंडर घेऊन आला. "मामीजी, आधे दिन का काम है," म्हणाला. मामी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ग्राइंडर परत गेलं. पुढच्या रविवारी मी पाहिलं तर हाच गृहस्थ बनियनवर बसून खोबऱ्याने भिंत घासत होता आणि कुठला कोपरा आपण केला ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. बरसी झाली. बिल्डरचा फोन आला तेव्हा तो "अभी देखते हैं" म्हणाला, आणि अजून तेच म्हणतो आहे. मधली बुजवलेली कमान दोघा भावांनी मोकळी केली. म्हणजे सगळं गोडगोड झालं असं नाही. चुली दोनच आहेत, पाण्याच्या मोटरवरून वाद होतात आणि पावसात एक दगडी पट्टी अजून गळते. पण घर उभं आहे, आणि वरच्या मजल्यावर मुलीच्या लग्नासाठी खोल्या लावून घेण्याचं चाललंय.

त्यातच आमच्या बदलीचा हुकूम आला. निरोप घ्यायला मी हिवाळ्यातल्या एका दुपारी तिलक नगरला गेले, तर कुलूप. घरमालकीण म्हणाली, "वो अब दिन में यहाँ मिलती कहाँ हैं!" मी पुरानी बस्ती गाठली. मामींना मी काहीतरी शिकले आहे हे दाखवावं म्हणून आत शिरण्याआधी दारासमोर थांबून नीट निरखून पाहिलं, आणि मला चौकटीवरच्या दगडात कोरलेले दोन मोर दिसले. इतक्यांदा येऊन ते कधी नजरेला पडले नव्हते. मी चौकात धावतच गेले. मामी उन्हात पाय पसरून भाभीजींबरोबर मटार सोलत बसल्या होत्या. अंगावर भाभीजींची शाल होती आणि चर्चा बुआजींच्या गुडघ्यावर चालली होती.

"मामी, बाहेर दारावर मोर आहेत! तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"असतील," मामी म्हणाल्या. त्यांनी मानही वर केली नाही. "रोज येताजाता कोण वर बघतंय? बस, हे मटार घे."

भाभीजींनी विचारलं, क्या कह रही है. मामींनी सांगितलं, काही नाही, मोर म्हणतेय. आणि दोघी पुन्हा गुडघ्याकडे वळल्या. एवढ्या घरांची छतं मान वर करकरून पाहिलेली ही बाई या एका घरात खाली मान घालून निवांत बसली होती. मला भरून आलं. बदलीचं सांगायला आले होते, ते सांगायला मी बराच वेळ लावला. मामींच्या शेजारी उन्हात सरकून बसले आणि मटार सोलायला लागले.